प्राध्यापकाची वर्गणी

विद्यापीठातल्या प्राध्यापकाने किंवा कारकुनाने एखाद्या राजकीय पक्षाला वर्गणी दिली, तर ती कोणाची समजायची? त्याची स्वतःची, की तो ज्या संस्थेचे अन्न खातो तिची? अमेरिकेत २०० डॉलरांहून अधिक देणाऱ्याच्या नावापुढे त्याच्या मालकाचेही नाव नोंदतात. त्यावरून तिकडची वृत्तपत्रे बेरजा मांडून अमुक विद्यापीठाने तमुक पक्षाला इतके दिले, असे छापतात; वास्तविक ते नोकरांनी आपापल्या खिशातून दिलेले असते.

आपल्याकडे हा वाद पैशाच्या आधी वेळेवरून झाला, आणि तो उपस्थित केला टिळकांनी. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ मध्ये स्थापन झाली व पुढल्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेज निघाले. आजीव सभासदाने अल्प वेतनावर राहावे आणि आपले सारे लक्ष संस्थेला वाहावे, असा टिळकांचा आग्रह होता. १८९० मध्ये प्राध्यापक गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद पत्करले. सभा म्हणजे त्या वेळच्या पुण्याचे राजकारण! टिळकांनी हरकत घेतली, आणि वर्षाअखेरीस ते स्वतःच राजीनामा देऊन बाहेर पडले. वेतनाचे तंटे आणि आगरकरांशी आलेले वितुष्ट ही कारणे होतीच. केवळ गोखल्यांमुळे टिळक गेले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तरीही गंमत पाहा : ज्यांनी पुढे उभा जन्म राजकारणात घातला, त्यांनीच प्राध्यापकाच्या राजकारणाला आडकाठी केली. त्यांचा हिशेब सरळ होता. वेळ संस्थेला वाहिलेला, तर तो सभेला देणारे तुम्ही कोण? मला हा युक्तिवाद वेळेपुरता पटतो. मताला आणि खिशाला तो लावू नये.

सरकारने तो नेमका खिशाला लावला. टिळकांच्याच नावाच्या स्वराज्य फंडासाठी १९२१ साली ३० जूनपर्यंत एक कोटी रुपये जमवण्याचा ठराव बेझवाड्यास झाला. पण राजकीय चळवळीला वर्गणी देण्यास सरकारी नोकराला मनाई होती. इंग्रज गेले, मनाई राहिली. केंद्राच्या १९६४ च्या व महाराष्ट्राच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांत ती आहे. जिल्हा परिषदेच्या गुरुजींनाही अशीच बंदी आहे. मात्र विद्यापीठाचा किंवा खाजगी कॉलेजचा प्राध्यापक या नियमांच्या अर्थाने सरकारी नोकर नव्हे. म्हणजे वरुडात शेजारी शेजारी राहणारे गुरुजी आणि अनुदानित कॉलेजातले प्राध्यापक, दोघांचा पगार सरकारी तिजोरीतून, पण पक्षाच्या पावतीपुस्तकापुढे एकाने हात आखडावा आणि दुसऱ्याने खिशात घालावा! शिवाय घटनेने विधान परिषदेच्या एक-द्वादशांश जागा शिक्षकांनी निवडण्यासाठी ठेवल्या आहेत. अमरावती विभागाच्या पाचही जिल्ह्यांतले माध्यमिक शिक्षक व प्राध्यापक तेथे मत देतात. ज्याला राजकारणासाठी स्वतंत्र मतपेटी दिली, त्याच्या वर्गणीकडे संशयाने का पाहावे?

आपल्या कायद्यात २०,००० रुपयांवरील देणगीदाराचे नाव पक्षाला कळवावे लागते, त्याच्या मालकाचे नव्हे. त्यामुळे १९८३ साली निघालेल्या अमरावती विद्यापीठाच्या नोकरांनी कोणत्या पक्षाला किती दिले, ही बेरीज त्या नोंदींवरून मांडता येत नाही. ती मांडता न येणे मला बरे वाटते. प्राध्यापकाच्या वर्गणीवर विद्यापीठाचा शिक्का त्यामुळे बसत नाही.