अक्षरांचे स्थलांतर

सीमाभागातील माणसाला लिप्यांची अदलाबदल नवी नाही. निजामी अमलात बीदर-गुलबर्गा परिसरात दरबारची भाषा प्रथम फारसी व एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उर्दू. हिशेब मोडीत, पोथ्या बाळबोधीत आणि घरादारांतील बोलणे मराठी व कन्नड असे सरमिसळीचे. हुमनाबादच्या श्रीमाणिकप्रभूंनी (१८१७-१८६५) पदे रचली तीही एकाहून अधिक भाषांत. १९५६ साली जुना बीदर जिल्हा विभागला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. राज्ये बदलली तरी कपाटांतील पुस्तके वाचता येत होती. संगणकाच्या युगात मात्र एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर जाताना मराठी मजकूरच वाचेनासा झाला, असा चमत्कारिक प्रसंग ओढवला. त्याचा हा थोडक्यात इतिहास.

मजकूर शाबूत आणि वाचणारा हतबल, असे मराठीत पूर्वीही एकदा घडले आहे. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ 'सकळ', 'सुंदरी' अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. ग्रंथ नष्ट झाले नाहीत, पण संकेताची किल्ली पंथापुरती राहिली आणि मराठी गद्याचे आद्य धन उर्वरित मराठी जगाला शतकानुशतके अज्ञात राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी ती लिपी उलगडली, तेव्हा कोठे हे दालन उघडले.

संगणकाला अक्षर कळत नाही, केवळ अंक कळतो. कोणत्या अंकाचे कोणते अक्षर, हा निव्वळ संकेत. तो यंत्राच्या पोटात दडला की यंत्रासोबत मरतो. आज्ञावलीचेही तसेच. १९७३ साली 'युनिक्स' ही कार्यप्रणाली 'सी' भाषेत नव्याने लिहिली गेली, तेव्हापासून ती एका यंत्राची बांधील न राहता निरनिराळ्या यंत्रांवर नेणे सुकर झाले. या स्थलांतराला संगणकाचे जाणकार 'पोर्टिंग' म्हणतात.

देवनागरीची कथा आय.आय.टी. कानपूर येथील संशोधनापासून सुरू होते. त्यातून सिद्ध झालेले 'जिस्ट' तंत्र पुढे पुण्याच्या सी-डॅकने (स्थापना १९८८) कार्डाच्या रूपाने बाजारात आणले. हे कार्ड संगणकात खोचले की 'डॉस'वरील 'वर्डस्टार', 'डीबेस' यांसारख्या इंग्रजी आज्ञावल्या आहेत तशाच मराठी दाखवू लागत. आज्ञावलीला पत्ताही नसे. अक्षरे रेखाटण्याचे काम कार्डच परस्पर करी. मोठीच करामत ती! तिच्यामागील 'इस्की' हा संकेत भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली प्रमाण म्हणून स्वीकारला. त्यात भारतीय लिप्यांची वर्णमाला एकच मानली होती. देवनागरीत टंकलेले 'भालकी' एक कळ दाबताच पडद्यावर कन्नड लिपीत उमटे. मराठीत नसलेल्या, पण कन्नडात असलेल्या ऱ्हस्व 'ए', 'ओ' या स्वरांनाही त्यात जागा होती. द्विभाषिक जिल्ह्यांतील ग्रंथालयांना याहून सोयीचे साधन कोणते?

पण 'विंडोज'चा प्रसार झाला आणि कार्ड मागे पडले. नवी प्रणाली पडद्यावरचे चित्र स्वतःच रेखाटी. कार्डाला मधे हात घालायला वाव उरला नाही. मग फाँटांचा काळ आला. 'श्रीलिपी', 'आकृती' इत्यादी संचांनी मुद्रणाला अवकळेतून वर काढले, हे त्यांचे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु या फाँटांत साठवले जाई ते अक्षर नव्हे, अक्षराचा आकार, आणि तोही इंग्रजी अक्षरांच्या जागेवर. 'कि' लिहिताना वेलांटी आधी, 'क' नंतर; 'ग'चा काना वेगळा, उरलेला आकार वेगळा. प्रत्येक संचाची मांडणी निराळी. फाईल दुसऱ्या संगणकावर नेली आणि तेथे तो फाँट नसला, की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसे. ग्रंथसूचीच्या दृष्टीने याहून मोठी आपत्ती म्हणजे अशा मजकुराची अकारविल्हे मांडणी होईना. आकारांना वर्णक्रम कोठून असणार? सूची कागदावर देखणी छापून निघे, पण तीत शोध घेता येत नसे.

१९९१ च्या ऑक्टोबरात 'युनिकोड'ची पहिली आवृत्ती निघाली. तिची देवनागरी 'इस्की'च्या १९८८ च्या मसुद्यावर आधारलेली होती, म्हणून देवनागरी व कन्नड यांना प्रत्येकी १२८ घरांचे स्वतंत्र वाडे मिळाले तरी दोन्हींकडे 'क' एकाच क्रमांकाच्या घरात राहतो. 'विंडोज २०००'पासून युनिकोड देवनागरी सामान्य संगणकावर दिसू लागली. मराठीच्या खास गरजा मात्र कूर्मगतीने भागल्या. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांतला फरक पंगतीला बसणाऱ्यालाही कळतो; जुना मजकूर रूपांतरित करणाऱ्या आज्ञावलीला तो सांभाळता आला नाही, तर गुरूचा स्वयंपाकी होतो. 'ॲ' या अक्षराला स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली. तोवर कोणी 'अ'वर चंद्र चढवी, कोणी हिंदी वळणाचे 'ऍ' वापरी. परिणामी एकाच सूचीत ॲरिस्टॉटल तीन ठिकाणी विखुरला जाऊ शकतो, आणि एका रूपाने शोधणाऱ्याला उरलेली दोन रूपे सापडत नाहीत.

ज्या ग्रंथालयांच्या सूची त्या फाँटांच्या काळात तयार झाल्या, त्यांच्या फ्लॉप्या व तबकड्या कपाटात असतील, तर त्यांच्या स्थलांतराला विलंब परवडणारा नाही. पहिली गरज फाँटाच्या नावाची. ते ठाऊक असेल तर आकारांचा तक्ता करून मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो. नसेल तर छापील प्रत धुंडाळून एकेक चिन्ह ताडून पाहावे लागते, म्हणजे राजवाड्यांचेच काम पुन्हा करणे आले. रूपांतरानंतर रफार, जोडाक्षरे आणि 'ॲ' जाणत्या माणसाने डोळ्यांखालून घालावे. ते काम यंत्रावर सोपवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गुलबर्ग्याचे नाव २०१४ च्या नोव्हेंबरात अधिकृतपणे कलबुर्गी झाले, तेव्हा स्थलनामांची दोन्ही रूपे सूचीत परस्परांशी जोडणेही आलेच.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडी लिपीला स्वतःचे स्थान मिळाले. बस्त्यांत बांधलेल्या मोडी कागदांची नक्कल आता बाळबोधीत न उतरवता, मोडीतच संगणकावर ठेवता येते.