रोमन सम्राज्ञींची नाणी

रोमन साम्राज्याच्या नाण्यांवर सम्राटांबरोबरच त्यांच्या घरातील स्त्रियांचे मुखवटेही आढळतात. कॅलिग्युलाने आपल्या तिन्ही बहिणींना एकाच नाण्यावर उभे केले. नीरोच्या इ. स. ५४ मधील सोन्याच्या नाण्यावर तो आणि त्याची आई धाकटी अग्रिप्पिना समोरासमोर आहेत. सम्राज्ञीच्या नावाने नियमित नाणी पडू लागली ती मात्र दुसऱ्या शतकात, हेड्रियनची पत्नी साबिना हिच्यापासून.

संग्राहकाला सर्वांत सहज मिळते ती थोरली फाउस्टीना. ती इ. स. १४०च्या सुमारास वारली. तिचा पती अँटोनायनस पायस याने तिला देवत्व दिले, रोमच्या फोरममध्ये तिचे देऊळ बांधले आणि पुढे सुमारे वीस वर्षे तिची नाणी पाडली. हयातीतली नाणी त्या मानाने थोडी. चांदीचा दिनारियस जेमतेम १८ मिमी. व्यासाचा, पण डोक्याच्या माथ्यावर गुंडाळलेल्या तिच्या वेण्या त्यावर स्पष्ट मोजता येतात. मागील बाजूस कुठे कणसे व मशाल घेतलेली सेरेस देवी, कुठे मोर. मोर हा जूनो देवीचा पक्षी. सम्राटाच्या देवत्वाला गरुड, तर सम्राज्ञीच्या देवत्वाला मोर.

तिची मुलगी, मार्कस ऑरेलियसची पत्नी, हीदेखील फाउस्टीनाच. त्यामुळे नवखा संग्राहक हमखास फसतो. आईवर ‘दिवा (देवत्व पावलेली) फाउस्टीना’, तर मुलीच्या मृत्यूनंतरच्या नाण्यांवर त्यापुढे ‘पिया’ हा शब्द येतो. लेख झिजला असेल तर केस पाहावेत: मुलीचा अंबाडा मागे, मानेकडे असतो.

तिसऱ्या शतकातल्या अँटोनिनियानस या नाण्यावर सम्राटाच्या डोक्यावर किरणांचा मुकुट, तर सम्राज्ञीच्या खांद्यांखाली चंद्रकोर असते. सम्राट फिलिपची पत्नी ओटासिलिया हिच्या एका नाण्यावर, रोमच्या सहस्राब्दीनिमित्त (इ. स. २४८), चक्क पाणघोडा आहे. सम्राज्ञी कॉर्नेलिया सुपेरा तर जवळजवळ नाण्यांमुळेच ठाऊक आहे. तिचे नाणे मिळणे हे नशिबाचे काम. सुरुवात फाउस्टीनापासून करणेच शहाणपणाचे.

झिजलेल्या तांब्या-पितळेच्या मोठ्या नाण्यांवरील केस कधीकधी नव्याने कोरून उठावदार केलेले असतात. त्याने किंमत वाढवून सांगितली जाते, मोल मात्र घटते. सोळाव्या शतकात पादुआच्या काविनो या कारागिराने केलेल्या रोमन नाण्यांच्या प्रतिकृतीही आज संग्राह्य आहेत, पण प्रतिकृती म्हणूनच.

दक्षिण भारतातील साठ्यांत टायबीरियसचे दिनारियस विपुल सापडले. त्यांच्या मागील बाजूची आसनस्थ स्त्री म्हणजे त्याची आई लिव्हिया, असे अनेक अभ्यासक मानतात. भारतात १९७२च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू ठरते. तिच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही.