जुईनगरहून थेट बर्फात : बफेलोसारख्या शहरात राहायला जाताना नेमकं काय वाट्याला येतं?

जानेवारीत पारा १५-१६ अंशांवर आला की जुईनगर स्टेशनच्या बाहेर लगेच फरक दिसतो. चहाच्या टपरीवर गर्दी वाढते, रिक्षावाल्यांच्या डोक्यावर कानटोप्या येतात आणि सोसायटीच्या ग्रुपवर 'आज काय थंडी आहे' असा मेसेज पडतो. ज्यांनी थंडी एवढीच पाहिली आहे त्यांनी अशा शहरात राहायला जायचं जिथे जानेवारीत दिवसाही पारा शून्याच्या आसपास असतो आणि रात्री उणे ७ पर्यंत उतरतो, तर काय होतं?

प्रश्न नुसत्या कल्पनेतला नाही. अमेरिकेत शिकायला आणि नोकरीला जाणारे सगळेच न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया किंवा टेक्सासला जात नाहीत. बरेच जण मध्यम आकाराच्या बर्फाळ शहरांत पोहोचतात. बफेलो हे त्यातलं एक नाव.

बफेलो आहे कुठे?

बफेलो न्यूयॉर्क राज्यातच आहे, पण मॅनहॅटनपासून बरंच लांब, राज्याच्या पश्चिम टोकाला ईरी सरोवराच्या काठावर. नायगारा धबधबा जवळ आणि कॅनडाची हद्द नदीपलीकडे. २०२० च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे २ लाख ७८ हजार, म्हणजे नवी मुंबईच्या तुलनेत हे शहर लहानच. इथल्या युनिव्हर्सिटी अ‍ॅट बफेलोमध्ये भारतीय विद्यार्थी मोठ्या संख्येने येतात.

अमेरिका-कॅनडातलं हे सर्वात थंड शहर नव्हे. कॅनडातल्या विनिपेगमध्ये जानेवारीची रात्र सरासरी उणे २० च्या खाली जाते. बफेलोची ओळख थंडीपेक्षा बर्फाने झालेली आहे. वर्षाला सरासरी २४० सेंटिमीटर, म्हणजे जवळपास आठ फूट बर्फ.

एवढा बर्फ येतो कुठून?

कारण ईरी सरोवर. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून येणारे वारे बाष्प आणतात, तसंच काहीसं इथे घडतं. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सरोवराचं पाणी अजून उबदार असतं आणि त्यावरून कोरडा, गार वारा वाहतो. तो वारा पाण्यावरून ऊब आणि बाष्प उचलतो, ढग तयार होतात आणि काठावर पोहोचल्यावर बर्फ ओततात. याला 'लेक इफेक्ट स्नो' म्हणतात. हिवाळा पुढे सरकून सरोवर गोठलं, की बाष्प मिळणं कमी होतं आणि हा प्रकारही मंदावतो.

या ढगांचा पट्टा अरुंद असतो. त्यामुळे एका भागात रस्ता दिसेनासा होतो आणि काही किलोमीटरवर ऊन असतं. मुंबईकरांना हे नवीन नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कुलाब्यात जेमतेम ७३ मिलिमीटर होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये बफेलोच्या दक्षिणेकडच्या ऑर्चर्ड पार्क आणि हॅम्बर्ग या उपनगरांत काही दिवसांत सुमारे दोन मीटर बर्फ पडला. शहराच्या उत्तर भागात त्या मानाने फारच कमी. त्यामुळे घर शोधताना 'बफेलोत बर्फ किती' एवढं विचारून भागत नाही, कोणत्या भागात हे विचारावं लागतं.

आणखी एक हिशेब. ढोबळमानाने १० सेंटिमीटर बर्फ वितळला की १ सेंटिमीटर पाणी होतं. म्हणजे बफेलोचा वर्षभराचा बर्फ जेमतेम २४ सेंटिमीटर पाण्याएवढा. मुंबई परिसरात एका पावसाळ्यात दोन मीटरहून जास्त पाणी पडतं. फरक एवढाच की पाणी वाहून जातं आणि बर्फ बसून राहतो. तो उचलावा लागतो.

आकडे वाचायला शिकणं

अमेरिकेत तापमान फॅरनहाइटमध्ये सांगतात. तीन आकडे लक्षात ठेवले तरी काम होतं : ३२ म्हणजे शून्य अंश सेल्सिअस, २० म्हणजे सुमारे उणे ७ आणि ० म्हणजे सुमारे उणे १८.

दुसरा आकडा 'विंड चिल'चा. तापमान उणे १० असेल आणि वारा ताशी ३० किलोमीटरने वाहत असेल, तर उघड्या त्वचेला ती थंडी उणे २० सारखी लागते. विंड चिल उणे २७-२८ च्या आसपास गेला की उघड्या त्वचेला अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो. बोटं, नाक आणि कान आधी बधिर होतात. बधिर झालेला भाग चोळायचा नाही किंवा थेट हीटरला लावायचा नाही. आत यायचं, कोमट पाण्याने हळूहळू ऊब द्यायची आणि डॉक्टर गाठायचा.

कपडे : मुंबईतून काय न्यावं, काय नेऊ नये?

जाण्याआधी घरचे एक जाडजूड जॅकेट आणि चार स्वेटर भरून देतात. त्यातलं निम्मं सामान कपाटातच राहतं. तिथे चालतात ते थर. अंगालगत थर्मल, त्यावर लोकर किंवा फ्लीस आणि सगळ्यात वर वारा आणि ओल अडवणारं जॅकेट. घरात आणि बसमध्ये हीटिंग असतं, तिथे वरचे थर काढता येतात.

अंगालगत सुती बनियन नको. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि ओलं कापड अंगाची ऊब खेचून घेतं. आपल्या उन्हाळ्यात जो गुण कामाला येतो, तोच तिथे उलटतो.

थर्मल, लोकरीचे मोजे आणि कानटोपी इथून नेता येते. बूट आणि वरचं जॅकेट मात्र तिथे जाऊन घेतलेलं बरं, कारण तिथल्या दुकानातला माल तिथल्या हवेसाठीच असतो. बजेट कमी असेल तर थ्रिफ्ट स्टोअर, म्हणजे वापरलेल्या वस्तूंचं दुकान, हा चांगला पर्याय. बूट घेताना जाड मोजे घालूनच मापून बघावेत. घट्ट बुटात रक्तप्रवाह कमी होतो आणि पाय उलट जास्त गार पडतो.

घर : भाडं बघण्याआधी हीटिंग बघा

जुईनगरला भाड्याचं घर बघताना पाणी किती वेळ येतं हे विचारतात. बफेलोत पहिला प्रश्न, हीटिंगचा खर्च भाड्यात धरलाय की वेगळा? भाडं कमी दिसतं आणि हीटिंग वेगळं असतं, तेव्हा जुन्या, फटी असलेल्या घरात जानेवारीचं बिल अख्खा हिशेब बिघडवतं.

बाकी गोष्टी अशा :

- कार्बन मोनॉक्साइड अलार्म. बंद घरात गॅसवर हीटिंग चालतं. त्यात बिघाड झाला तर हा वायू साचतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. न्यूयॉर्क राज्यात 'अमांडाज लॉ' या कायद्याने २०१० पासून घरांत हा अलार्म सक्तीचा आहे. घर ताब्यात घेताना तो चालू आहे का, हे बटण दाबून बघावं.
- पाइप. सुट्टीत भारतात येताना बिल वाचवायला हीटिंग पूर्ण बंद करू नये. पाइपातलं पाणी गोठतं, फुगतं आणि पाइप फोडतं. घर साधारण १३ अंशांच्या खाली जाऊ द्यायचं नाही.
- कोरडी हवा. नवी मुंबईच्या दमट हवेतून गेलेल्याला हा धक्का मोठा असतो. ओठ फाटतात, नाकातून रक्त येतं, दाराच्या कडीला हात लावला की शॉक बसतो. खोबरेल तेल, व्हॅसलीन आणि ह्युमिडिफायर यांवर हिवाळा निघतो. फायदा एकच, दोरीवरचे कपडे घरातच भराभर वाळतात.
- फुटपाथ. घरासमोरच्या फुटपाथवरचा बर्फ काढणं ही पालिकेची नव्हे, त्या घराची जबाबदारी असते. मालक काढणार की भाडेकरू, हे करारात आधीच वाचून घ्यावं. ओला बर्फ जड असतो. फावडं मारताना हृदयविकाराचा झटका येण्याच्या घटना दर हिवाळ्यात घडतात, त्यामुळे थोडा थोडा, थांबत थांबत काढायचा.

लोकल नसलेल्या शहरात फिरणं

जुईनगरला हार्बर आणि ट्रान्स-हार्बर अशा दोन्ही मार्गांच्या गाड्या मिळतात. बफेलोत मेट्रो रेलची एकच मार्गिका आहे, जेमतेम १० किलोमीटरची. ती विद्यापीठाच्या दक्षिण कॅम्पसपर्यंत जाते. मोठा उत्तर कॅम्पस अ‍ॅमहर्स्ट उपनगरात, तिथे बसने जावं लागतं. त्यामुळे घर बस थांब्यापासून चालत किती मिनिटांवर आहे, हे उणे दहात मोजायचं असतं.

चालताना खरी भीती भुसभुशीत बर्फाची नाही, 'ब्लॅक आइस'ची असते. रस्त्यावर गोठलेला हा पातळ, पारदर्शक थर दिसतच नाही. छोटी पावलं टाकायची, पाय सपाट ठेवायचा, हात खिशात घालायचे नाहीत. रस्त्यावर मीठ टाकतात, पण साधं मीठ उणे ९ च्या खाली फारसं काम करत नाही.

गाडी घेतली तर काचेच्या वॉशरमध्ये पाणी भरायचं नाही, न गोठणारं द्रवच भरायचं. टाकी निम्म्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. डिकीत फावडं, ब्लँकेट, टॉर्च आणि खाण्याचं काहीतरी ठेवायचं. वायपर चालू असतील तेव्हा हेडलाइट लावणं न्यूयॉर्क राज्यात कायद्यानेच बंधनकारक आहे.

डिसेंबर २०२२ : ज्याची गोष्ट प्रत्येक नव्या माणसाला माहीत हवी

२३ डिसेंबर २०२२ ला, नाताळच्या तोंडावर, बफेलोवर हिमवादळ आलं. हवामान खात्याने काही दिवस आधीपासून इशारे दिले होते. ईरी काउंटीने त्या सकाळी साडेनऊपासून वाहनबंदी लावली, पण तोवर अनेक जण कामासाठी घराबाहेर पडले होते. पुढे सुमारे ३७ तास वादळ चाललं. समोरचं काही दिसत नव्हतं. रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाच्या गाड्याही अडकल्या. विमानतळावर १३० सेंटिमीटरच्या आसपास बर्फाची नोंद झाली. ईरी काउंटीत ४७ जणांचा मृत्यू झाला. काही जण गाडीत सापडले, काही रस्त्यावर, काही हीटिंग बंद पडलेल्या घरात, तर काहींपर्यंत वैद्यकीय मदत वेळेत पोहोचलीच नाही.

२६ जुलैलाही मुंबईत काही माणसं बंद गाडीत गुदमरून गेली होती. दोन्हीकडचा धडा एकच : 'थोडंच अंतर आहे, पोहोचू' हा अंदाज जिवावर बेतू शकतो.

म्हणून दोन शब्दांतला फरक पाठ हवा. 'ट्रॅव्हल अ‍ॅडव्हायझरी' म्हणजे गरज नसेल तर निघू नका. 'ट्रॅव्हल बॅन' म्हणजे गाडी बाहेर काढणं बेकायदा. काउंटीचे इशारे मोबाइलवर येतील अशी सोय पहिल्याच आठवड्यात करून ठेवावी. शिफ्ट बुडेल या भीतीने निघण्याआधी मॅनेजरला विचारावं.

बर्फात गाडी अडकलीच तर गाडी सोडून चालत जायचं नाही. वादळात दहा पावलांवरचं घर दिसत नाही. सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढायचा, नाहीतर धूर आत येतो. मग तासातून साधारण दहा मिनिटं इंजिन चालवायचं आणि खिडकी किंचित उघडी ठेवायची. फोन आतल्या खिशात, कारण थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते.

अंधार आणि मन

डिसेंबरच्या शेवटी बफेलोत पावणेआठला उजाडतं आणि पावणेपाचला सूर्य मावळतो. नऊ तासांचा दिवस, तोही बहुतेक ढगाळ. झोप वाढणं, कशातच मन न लागणं, घराबाहेर पडावंसं न वाटणं हे अनेकांना होतं. याला 'सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर' असं नाव आहे आणि त्यावर उपचार आहेत. दुपारच्या उजेडात रोज थोडं चालणं, ड जीवनसत्त्व तपासून घेणं, गरज पडली तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लाइट थेरपी. घरी फोन करताना हिवाळ्यात भारत साडेदहा तास पुढे असतो, मार्चमध्ये तिथली घड्याळं बदलली की साडेनऊ.

आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अठराव्या वर्षी अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. तिथली थंडी आणि न मानवणारा आहार यांचा त्यांच्या तब्येतीवर परिणाम झाला, पुढे क्षयाने त्यांना गाठलं आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला त्यांचं निधन झालं. थंडीमुळे क्षय होत नाही, तो जंतूंमुळे होतो. पण परक्या हवेत खाण्यापिण्याची आबाळ झाली की शरीर दमतं, हे आजही खरं आहे. आज हीटिंग आहे, औषधं आहेत आणि इंडियन स्टोअरमध्ये बाजरीचं पीठही मिळतं.

स्वयंपाकघर आणि सण

दही लागत नाही आणि इडलीचं पीठ फुगत नाही, ही पहिल्या हिवाळ्यातली ठरलेली तक्रार. उपाय सोपा : ओव्हन बंद ठेवून फक्त आतला दिवा लावायचा आणि भांडं रात्रभर आत ठेवायचं. ओव्हन चालू करण्याआधी ते बाहेर काढायला मात्र विसरायचं नाही. इशारा आला की दूध, डाळ-तांदूळ, औषधं आणि पाणी तीन-चार दिवसांचं भरून ठेवायचं.

दिवाळीला पहिला बर्फ दिसू शकतो. संक्रांतीचा तिळगूळ तिथल्या हवेला इथल्यापेक्षा जास्त शोभतो. पाडव्याची गुढी कधी कधी बर्फातच उभी राहते. मार्च संपला तरी हिवाळा संपला असं धरून चालायचं नसतं, एप्रिलमध्येही बर्फ पडतो. पण जूनमध्ये रात्री जवळपास नऊपर्यंत उजेड असतो आणि अख्खं शहर सरोवराच्या काठावर येऊन बसतं. तोवर पहिला हिवाळा काढायचा असतो आणि तो बहुतेकांचा निघतो. अट एवढीच, इशारा आला की घरात थांबायचं.