काच काळी म्हणजे डोळे सुरक्षित? वर्ध्याच्या उन्हात गॉगल घेताना काय पाहायचं?

मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि नवतपा लागला की दुपारी रस्ते ओस पडतात. ज्यांना बाहेर पडावंच लागतं, ते डोक्याला दुपट्टा गुंडाळतात आणि रस्त्याच्या कडेला मांडलेल्या गॉगलमधून एखादा उचलतात. निवडताना अनेकांचा हिशेब एकच असतो: काच जितकी काळी, तितकी चांगली. पण हा हिशेब डोळ्यांना महागात पडू शकतो.

गडद काचेत धोका काय?

उन्हात दोन गोष्टी असतात. झगमगणारा प्रकाश आपल्याला दिसतो, तर अतिनील म्हणजेच यूव्ही किरणं दिसत नाहीत. काचेचा काळा रंग फक्त दिसणारा प्रकाश कमी करतो. समोर अंधारलं की डोळ्याची बाहुली मोठी होते. अशा वेळी काच यूव्ही किरणं अडवत नसेल, तर ती डोळ्यात जास्त प्रमाणात शिरू शकतात. वर्षानुवर्षं असं होत राहिलं तर मोतीबिंदू आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावर मांस वाढण्याचा धोका वाढतो.

मग लेबलवर काय पाहायचं?

'यूव्ही ४००' किंवा '१०० टक्के यूव्ही प्रोटेक्शन' असं लिहिलेलं असावं. ४०० म्हणजे ४०० नॅनोमीटर. तिथपर्यंतची अतिनील किरणं ही काच अडवते.

पण स्टिकर कोणीही चिकटवू शकतं. त्यामुळे शंका असेल तर गॉगल चष्म्याच्या दुकानात न्या. अनेक दुकानांत यूव्ही मोजायचं छोटं यंत्र असतं आणि तपासणीला काही सेकंद लागतात.

महाग गॉगलच चांगला का?

नाही. पॉलिकार्बोनेटची काच मुळातच बहुतांश यूव्ही किरणं अडवते, त्यामुळे स्वस्त गॉगलही सुरक्षित असू शकतो. महागड्या गॉगलमध्ये अनेकदा फ्रेम आणि ब्रँडचे पैसे असतात.

काच किती गडद हवी?

काचेचे ० ते ४ असे प्रकार असतात. आपल्याकडच्या उन्हासाठी ३ नंबर पुरेसा आहे. त्यातून ८ ते १८ टक्के प्रकाश आत येतो. ४ नंबर घालून गाडी चालवू नका, त्यातून समोरचं नीट दिसत नाही. रंग राखाडी घेतला तर सिग्नलचे दिवे आणि आजूबाजूचे रंग जसेच्या तसे दिसतात.

पोलराइज्ड म्हणजे काय?

डांबरी रस्ता, पाणी किंवा पुढच्या गाडीच्या काचेवरून येणारी चमक ही काच कापते. समृद्धी महामार्गावरून दुपारी जाणाऱ्यांना तिचा उपयोग होतो. पण पोलराइज्ड म्हणजे यूव्ही संरक्षण नव्हे, ते वेगळं तपासावं लागतं. ही काच ओळखायला गॉगलमधून मोबाइलकडे पाहा आणि गॉगल हळूहळू फिरवा. बहुतेक स्क्रीन एका ठिकाणी काळपट दिसतात.

फ्रेम कशी असावी?

मोठी आणि चेहऱ्याला लागून बसणारी. छोट्या फ्रेममध्ये वरून आणि बाजूने किरणं शिरतात. सोबत रुंद काठाची टोपी असेल तर संरक्षण आणखी वाढतं.

सर्वात जास्त गरज कोणाला?

शेतात राबणारे, बांधकामावरचे मजूर, वाहतूक पोलीस आणि दिवसभर दुचाकीवर फिरणारे डिलिव्हरी बॉय यांना. गॉगल ही शायनिंगची वस्तू, असं म्हणून अनेकदा हेच लोक तो टाळतात. लहान मुलांनाही खेळण्यातला नव्हे, यूव्ही अडवणाराच गॉगल द्या.

हे लक्षात ठेवा

- ढगाळ दिवशीही यूव्ही किरणं जमिनीपर्यंत पोहोचतात.
- कोणताही गॉगल लावून सूर्यग्रहण पाहू नका.
- संध्याकाळनंतर गाडी चालवताना गॉगल काढून ठेवा.
- डोळा सतत लाल राहत असेल, धूसर दिसत असेल किंवा मांस वाढल्यासारखं वाटत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात नेत्रविभाग आहे.

पुढच्या वेळी गॉगल घेताना आधी यूव्हीबद्दल विचारा, आरशात नंतर पाहा.