४, ३५ आणि ३५४

सर्व्हर पडला की आमच्या टीममध्ये पहिला प्रश्न असतो: लॉग काय म्हणतोय? माणसं विसरतात, सारवासारव करतात. लॉग करत नाही. हॉस्पिटलात लॉगच्या जागी असतो केसपेपर. फक्त तो माणसंच लिहितात, आणि खरी गोची तिथेच आहे.

उपचारांमुळेच किती पेशंटना इजा होते, हे मोजायचं पहिलं मोठं काम विम्याच्या भीतीपोटी झालं. १९७०च्या दशकात अमेरिकेत डॉक्टरांवरचे खटले वाढले, विम्याचे हप्ते भडकले. कॅलिफोर्नियात डॉन हार्पर मिल्स आणि सहकाऱ्यांनी १९७४ सालचे, २३ हॉस्पिटलांतले २०,८६४ केसपेपर तपासले. भरपाई मागता येईल अशी इजा ४.६५ टक्के पेशंटना झालेली दिसली.

मग आला हार्वर्डचा अभ्यास. न्यूयॉर्क राज्यातली ५१ हॉस्पिटलं, १९८४ सालचे तीस हजारांवर केसपेपर. आधी नर्स आणि रेकॉर्ड तपासनीस १८ निकषांची चाळणी लावणार: पेशंट दगावला का, परत ऑपरेशन थिएटरमध्ये न्यावं लागलं का, असे प्रश्न. चाळणीत अडकलेला कागद मग दोन डॉक्टर वेगवेगळे वाचणार आणि ‘ही इजा आजाराने नव्हे, उपचाराने झाली’ याची आपल्याला किती खात्री आहे, ते १ ते ६ या पट्टीवर मांडणार. चुकीचं औषध दिलं पण काहीच झालं नाही, तर ते मोजायचं नाही. मुक्काम लांबला किंवा घरी जाताना अपंगत्व राहिलं, तर मोजायचं.

१९९१ साली निकाल छापून आला. ३.७ टक्के भरतींमध्ये इजा, त्यातल्या चौथ्या हिश्श्याहून थोड्या जास्त हलगर्जीपणामुळे. इजा झालेल्यांपैकी १३.६ टक्के दगावले. मला सर्वांत जास्त खटकतो तो याच अभ्यासातला आणखी एक आकडा: हलगर्जीपणाने इजा झालेल्यांपैकी २ टक्क्यांहूनही कमी लोकांनी दावा ठोकला होता. म्हणजे कोर्टाच्या दारात जे दिसत होतं, ते जवळजवळ काहीच नव्हतं.

ऑस्ट्रेलियाने अशाच पद्धतीने २८ हॉस्पिटलं तपासली आणि १९९५ साली छापून आलेला आकडा होता थेट १६.६ टक्के! तिथले डॉक्टर इतके वाईट? पुढे दोन्ही देशांच्या संशोधकांनी एकत्र बसून व्याख्या जुळवल्या. ऑस्ट्रेलियाचा आकडा १०.६ वर उतरला, अमेरिकेच्या युटा-कोलोरॅडो अभ्यासाचा ३.२ राहिला, गंभीर इजांचं प्रमाण मात्र जवळपास सारखं निघालं. अमेरिकेचं लक्ष खटल्यांवर होतं, ऑस्ट्रेलियाचं गुणवत्तेवर, म्हणून ऑस्ट्रेलियाने बारीकसारीक इजाही टिपल्या होत्या.

१९९९ च्या अहवालातला ‘अमेरिकेत दरवर्षी ४४,००० ते ९८,००० मृत्यू’ हा गाजलेला आकडाही असाच जन्मला. खालचं टोक युटा-कोलोरॅडोवरून, वरचं न्यूयॉर्कवरून, दोन्ही अख्ख्या देशाला लावलेले. त्यावर हेवर्ड आणि हॉफर यांनी २००१ साली वेगळाच प्रश्न विचारला: उपचार उत्तम असते तर हा पेशंट खरंच जगला असता का? १११ मृत्यूंचे कागद वाचणाऱ्या डॉक्टरांना त्यातले २२.७ टक्के ‘कदाचित टाळता आले असते’ असे वाटले. पण तीन महिने किंवा जास्त, शुद्धीत आणि बऱ्या अवस्थेत जगले असते, असे फक्त ०.५ टक्के. आकडा फेकणाऱ्यांनी हा पेपर वाचायला हवा, आणि डॉक्टरांच्या बाजूने भांडणाऱ्यांनी न्यूयॉर्कचा.

इतके कागद वाचायचे तर पैसा आणि वेळ हवा. म्हणून ‘ट्रिगर टूल’ आलं. एका केसपेपरला जास्तीत जास्त २० मिनिटं, आणि शोधायचे ते फक्त इशारे. नॅलॉक्सोन दिलंय? म्हणजे मॉर्फिनसारखं औषध जास्त झालं असेल. ते पान नीट वाचा. २०११ साली डेव्हिड क्लासेन आणि सहकाऱ्यांनी तीन हॉस्पिटलांतल्या ७९५ केसपेपरवर तीन पद्धती लावून पाहिल्या. एकूण ३९३ इजा सापडल्या. त्यातल्या ३५४ ट्रिगर टूलने पकडल्या, बिलिंगच्या कोडवर चालणाऱ्या निर्देशकांनी ३५, आणि कर्मचाऱ्यांनी स्वतःहून नोंदवल्या होत्या ४.

त्याआधी नॉर्थ कॅरोलिनातल्या दहा हॉस्पिटलांतले २००२ ते २००७ चे कागद याच टूलने तपासले गेले होते. दर १०० भरतींमागे २५.१ इजा. सहा वर्षांत तो आलेख म्हणावा असा खाली आलाच नाही.