मॅसॅच्युसेट्स : एका राज्याचा भूगोल आणि आपला हिशोब

स्पर्धा परीक्षांना बसणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी मी सकाळी एक जादा तास घेतो. वर्गातली बहुतेक मुले-मुली आपल्या घरातली पहिलीच कॉलेजात आलेली. मीही तसाच आलो. एकदा सामान्यज्ञानाच्या पुस्तकातून एक मुलगी मोठ्याने वाचत होती : 'मॅसॅच्युसेट्स, अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील राज्य, राजधानी बोस्टन.' मध्येच थांबून तिने विचारले, "सर, हे सोलापुरात बसून पाठ करून आपल्याला काय करायचंय?"

त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. पण घरी जाताना आजी आठवली. माझी आजी मिशनच्या शाळेत दुसरीपर्यंत शिकली. आमच्या घरात अक्षर ओळखणारी ती पहिली. ज्या मिशनने ती शाळा काढली, त्याची मुख्य कचेरी बोस्टनला होती. आणखी एक गोष्ट आठवली. आरक्षणावरून वाद निघाला असता एक सहकारी मला हसत म्हणाले होते, "तुम्हाला आधी गोऱ्यांनी शिकवलं, मग सरकारनं शिकवलं; तुम्ही स्वतः काय केलंत?" मुलीचा प्रश्न आणि सहकाऱ्याचा टोमणा या दोहोंचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते, असे मला वाटते. म्हणून या राज्याची माहिती नीट मांडून पाहू.

मॅसॅच्युसेट्स हे लहान राज्य आहे. त्याची जमीन सुमारे २० हजार चौरस किलोमीटर; आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या (१४,८९५ चौ. कि.मी.) दीडपटही नाही. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ७० लाखांच्या थोडी वर भरली. पूर्वेला अटलांटिक महासागर. कोपरात दुमडलेल्या हातासारखे समुद्रात शिरलेले केप कॉड, त्याच्या दक्षिणेला नॅन्टकेट आणि मार्थाज व्हिनियार्ड ही बेटे. मधोमध कनेक्टिकट नदीचे सुपीक खोरे, पश्चिमेला बर्कशायरच्या टेकड्या. सर्वांत उंच शिखर ग्रेलॉक, १,०६४ मीटर. हिमयुगातल्या बर्फाने जमिनीत दगडगोटे पेरून ठेवलेले, त्यामुळे मोठे मळे तिथे फारसे उभे राहिले नाहीत. माणसे समुद्राकडे वळली. मासेमारी, जहाजबांधणी, व्यापार यांवर बोस्टन, सेलम, न्यू बेडफर्ड ही बंदरे वाढली. आपल्याकडे काळी माती आणि पाण्याची ओढ. तिथे पाणी भरपूर आणि माती खडकाळ. मळे नसलेल्या या प्रदेशाचा गुलामगिरीशी काय संबंध, असे कोणालाही वाटेल. या राज्याचा अधिकृत इतिहासही बराच काळ तसेच भासवत आला.

राज्याचे नावच मुळी तिथल्या मूळ रहिवाशांचे. मॅसॅच्युसेट ही बोस्टनजवळच्या टेकड्यांच्या आसपास राहणारी जमात. दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर वाम्पानोआग. १६१६ ते १६१९ या काळात गोऱ्या दर्यावर्द्यांबरोबर आलेल्या साथीत ही माणसे हजारोंनी मेली. त्यानंतर १६२० साली इंग्लंडमधील धर्मछळाला कंटाळलेले लोक प्लिमथला उतरले आणि १६३० मध्ये बोस्टन वसले. १६७५-७६ मध्ये वाम्पानोआग प्रमुख मेटाकॉम याने उठाव केला. तो मारला गेला. त्याचे मुंडके प्लिमथला खांबावर टांगले गेले आणि त्याची बायको व मुलगा यांना गुलाम म्हणून परमुलखात विकण्यात आले. स्वतः धर्मछळातून सुटून आलेल्यांनी हे केले, हे विसरता कामा नये. छळ सोसलेला माणूस आपोआप समतावादी होत नाही.

१६३८ साली 'डिझायर' नावाचे जहाज कैद केलेल्या पेक्वाट लोकांना कॅरिबियन बेटांवर विकून येताना आफ्रिकी गुलाम घेऊन बोस्टनला आले. १६४१ मध्ये या वसाहतीने जे कायदे केले त्यांत गुलामगिरीला मान्यता होती. उत्तर अमेरिकेतील इंग्रज वसाहतींत अशी कायदेशीर मान्यता देणारी ही पहिली. आणि याच वसाहतीने १६४७ मध्ये, पन्नास घरे असलेल्या प्रत्येक गावाने लिहिणे-वाचणे शिकवायला शिक्षक नेमलाच पाहिजे, असा कायदा केला! आपल्याकडे अक्षरावरच पहारा होता. तिथे अक्षर सक्तीचे झाले. पण 'गाव' म्हणजे कोण, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच शिल्लक राहिला.

त्याचे उत्तर गावाबाहेरच्यांनी दिले. १७८० साली राज्याची घटना झाली. सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत, असे तीत म्हटले होते. पश्चिमेकडच्या शेफील्ड गावात एका घरी गुलाम असलेल्या स्त्रीच्या कानावर हे शब्द पडले. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. ती वकिलाकडे गेली. हे शब्द मला का लागू नाहीत, एवढेच तिला विचारायचे होते. १७८१ मध्ये ग्रेट बॅरिंग्टनच्या न्यायालयात ती जिंकली आणि पुढे तिने एलिझाबेथ फ्रीमन हे नाव घेतले. फ्रीमन म्हणजे मुक्त माणूस. त्याच सुमारास क्वॉक वॉकर या गुलामाचे खटले चालले. १७८३ मध्ये सरन्यायाधीश विल्यम कुशिंग यांनी सांगितले, की गुलामगिरी या घटनेशी जुळत नाही. १७९० च्या जनगणनेत या राज्यात एकही गुलाम नोंदला गेला नाही. पुस्तकांत हे वाक्य 'मॅसॅच्युसेट्सने गुलामगिरी नष्ट केली' असे येते. वाक्याचा कर्ता बदलून वाचले पाहिजे.

गुलाम गेले, पण गुलामीचा नफा गेला नाही. इथे सोलापूरकराने विशेष कान द्यावा, कारण ही कथा गिरणीची आहे. १८१४ मध्ये फ्रान्सिस कॅबट लोवेल आणि त्याच्या भागीदारांनी बोस्टनजवळ वॉल्थमला अशी गिरणी उभारली, की एकाच छपराखाली सूतही निघेल आणि कापडही. लोवेल १८१७ मध्ये वारला. १८२३ पासून मेरिमॅक नदीच्या धबधब्यावर त्याच्या नावाचे गिरणगाव उभे राहिले. मागांवर आसपासच्या शेतकऱ्यांच्या मुली होत्या. त्यांनी १८३४ आणि १८३६ मध्ये संपही केले. पण कापूस येत होता दक्षिणेकडच्या मळ्यांतून, गुलामांच्या हातचा. तिथले जाडेभरडे कापड पुन्हा दक्षिणेत गुलामांच्या अंगावर जाई. त्या कापडाला 'लोवेल' हेच नाव पडले होते. काळ्या हातांनी वेचलेला कापूस चालत होता, पण गिरणीत काळे हात जवळजवळ नव्हतेच. मुंबईच्या गिरण्यांत सूत तोंडाने ओढावे लागते म्हणून अस्पृश्यांना विणकाम खात्यात घेत नसत, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना अधिक सांगायला नको. चाबकाचे मालक आणि मागाचे मालक यांची युती आहे, असे चार्ल्स सम्नर याने १८४८ मध्ये उघड म्हटले. सम्नर हा बोस्टनचाच.

हे मागाचे मालक, त्यांची हार्वर्डमध्ये शिकलेली मुले, आपापसांत होणारी त्यांची लग्ने यांना नाव काय मिळाले? ब्राह्मण! ऑलिव्हर वेंडेल होम्स या बोस्टनच्याच लेखकाने १८६० मध्ये न्यू इंग्लंडच्या 'ब्राह्मण जाती'चे वर्णन केले. त्याने ते कौतुकाने केले होते. आजही बोस्टनच्या जुन्या घराण्यांना 'बोस्टन ब्राह्मिन' म्हणतात. सात समुद्रांपलीकडच्या वरच्या वर्गाला स्वतःसाठी शब्द हवा होता, तो आपल्या समाजाने पुरवला.

पण तोच शब्दकोश दुसऱ्या बाजूनेही उघडला गेला. बोस्टनमध्ये काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या. सारा रॉबर्ट्स ही पाच वर्षांची मुलगी वाटेतल्या पाच गोऱ्या शाळा ओलांडून आपल्या शाळेत जाई. तिचे वडील बेंजामिन रॉबर्ट्स यांनी दावा लावला. रॉबर्ट मॉरिस हे काळे वकील आणि सम्नर यांनी १८४९ मध्ये तो चालवला. ही वेगळी शाळा म्हणजे जातच आहे, असे सांगताना सम्नरने हिंदुस्थानातील जातिव्यवस्थेचा दाखला दिला. दावा हरला. मात्र चळवळ थांबली नाही आणि १८५५ मध्ये कायद्याने हा भेद बंद झाला. याच हरलेल्या निकालाचा आधार घेऊन १८९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळेपणाला मान्यता दिली; ती १९५४ पर्यंत टिकली. एका मुलीची पायपीट शंभर वर्षे चालली म्हणायची.

आता आजीच्या शाळेकडे येऊ. १८१० मध्ये याच राज्यात परदेशी मिशनचे 'अमेरिकन बोर्ड' स्थापन झाले. १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईला पोचले. १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणे झाले आणि १८६० च्या दशकात अमेरिकन मराठी मिशन सोलापुरात आले. अहमदनगरला मिस फरार यांनी चालवलेल्या मुलींच्या शाळा जोतीराव फुले यांनी पाहिल्या होत्या. हे ऋण मान्य करायला संकोच कशाला? पण वही पुरती वाचली पाहिजे. ख्रिस्ती मंडळीत जात पाळू नका असे इथे सांगणाऱ्या या बोर्डाने आपल्या देशातल्या गुलाममालकांशी संबंध तोडायला नकार दिला. तेव्हा त्याच्यावर नाराज झालेल्या गुलामगिरीविरोधकांनी १८४६ मध्ये वेगळी संस्था काढली. आपल्या सोलापुरात 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणात ठेवणारी सेटलमेंट होती. तिचा कारभारही काही काळ याच मिशनकडे होता आणि तिथली माणसे गिरण्यांत राबत. ते कुंपण कायद्याने गेले ३१ ऑगस्ट १९५२ रोजी.

सोलापुरातल्या मिशनच्या एका मुलींच्या शाळेचे नाव होते 'वोरोनोको'. हा शब्द इंग्रजी नव्हे. पश्चिम मॅसॅच्युसेट्समधील वेस्टफील्ड परिसराचे ते मूळ रहिवाशांचे नाव. ज्यांची जमीन गेली त्यांचा शब्द, घेणाऱ्यांच्या हातून, आपल्या मुलींच्या शाळेवर येऊन बसला. त्या मुलींना त्याचा अर्थ कोणी सांगितला असेल का?

फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केली, ज्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी स्वार्थत्याग केला. ही निवड काळजीपूर्वक केलेली होती. सरसकट गोऱ्यांना किंवा मिशनला त्यांनी ती अर्पण केली नाही. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. ड्यू बॉइस यांचा जन्म १८६८ चा, ग्रेट बॅरिंग्टनचा. जिथल्या न्यायालयात एलिझाबेथ फ्रीमन जिंकली त्याच गावचा. ते पत्र आज मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील ग्रंथालयात आहे. उपकारांची देवघेव वरून खाली होते. हे पत्र मात्र समोरासमोर गेलेले आहे.

ही कथा विजयात संपवता येत नाही. १९७४ मध्ये न्यायालयाने शाळा एकत्र करायला सांगितले, तेव्हा बोस्टनमध्ये काळ्या मुलांच्या बसवर दगड पडले. आणि २०१९ च्या डिसेंबरात वॉल्थमच्या ब्रँडाइस विद्यापीठाला भेदभावबंदीच्या नियमांत 'जात' हा शब्द घालावा लागला, कारण शिकलेल्या माणसांबरोबर जातही विमानात बसून तिथे पोचली होती. लोवेलची पहिली गिरणी ज्या वॉल्थमला, तिथेच हे घडले. लोवेलच्या गिरण्या बंद पडल्या. १८७७ मध्ये सुरू झालेली सोलापूरची जुनी मिलही बंद पडली. जात मात्र दोन्हीकडे काम मागत फिरते आहे.

सहकाऱ्यांना माझे उत्तर एवढेच : शाळा कोणी काढली हे आम्हाला ठाऊक आहे, आणि तो हिशोब आम्ही नाकारत नाही. पण उंबरठा ओलांडून आत कोण गेले? माझी आजी पहाटे शेणगोठा उरकून त्या शाळेत जात असे. तिला कोणी उचलून नेले नव्हते. एलिझाबेथ फ्रीमन वकिलाच्या दारात स्वतः गेली, सारा स्वतःच्या पायांनी चालली.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी नकाशा लावून दाखवला. बोस्टन, लोवेल, ग्रेट बॅरिंग्टन, वेस्टफील्ड यांवर खुणा केल्या. तिने पुस्तकातल्या 'राजधानी बोस्टन'च्या पुढे पेन्सिलीने लिहिले : 'सारा रॉबर्ट्स, वय ५.' परीक्षेत हे विचारणार नाहीत, हे तिलाही माहीत होते.