संयुक्त राष्ट्रसंघांतील बत्तीस मतें

वकिलातीचें काम बहुधा पडद्याआड चालतें, त्यामुळें त्याचें मोल ठरविणें कठीण जातें. विजयालक्ष्मी पंडित यांच्या कारकीर्दींतील एका दिवसाचा हिशेब मात्र आंकड्यांनीं मांडतां येतो. तो दिवस ८ डिसेंबर १९४६ चा.

नाताळ व ट्रान्सवाल प्रांतांतील हिंदी लोकांच्या जमीनखरेदीवर कडक निर्बंध घालणारा कायदा दक्षिण आफ्रिकेच्या सरकारनें त्या वर्षीं केला. डर्बनमध्यें सत्याग्रह सुरू झाला. हिंदुस्थाननें त्या देशाशीं व्यापार तोडला आणि गाऱ्हाणें संयुक्त राष्ट्रसंघापुढें नेलें. देश अद्यापि परतंत्र होता. हंगामी सरकार नुकतेंच अधिकारावर आलें होतें. त्या सरकारनें न्यूयॉर्कला धाडलेल्या शिष्टमंडळाच्या प्रमुख होत्या विजयालक्ष्मीबाई. मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ति छगला हेहि त्या मंडळांत होते.

बाईंना राजकारण नवें नव्हतें. १९३७ सालीं त्या संयुक्त प्रांतांत मंत्री झाल्या होत्या, आणि पुढें तुरुंगवासहि त्यांनीं भोगला होता. त्यांचे पति रणजित पंडित, मूळच्या कोंकणांतील घराण्याचे व 'राजतरंगिणी'चे इंग्रजी भाषांतरकार, १९४४ च्या जानेवारींत वारले. पदरीं तीन मुली, पुत्र नाहीं. म्हणून पतीच्या मिळकतींत आपणांस वांटा मिळाला नाहीं, असें बाईंनीं आत्मचरित्रांत सांगितलें आहे. परदेशांतील आपल्या बांधवांच्या जमिनीच्या हक्कासाठीं जी स्त्री जगापुढें उभी राहिली, तिची घरची स्थिति ही अशी होती.

समोर होते फील्डमार्शल स्मट्स. संघाच्या सनदेच्या प्रस्तावनेचा मूळ खर्डा त्यांनींच लिहिलेला, आणि मानवाच्या मूलभूत हक्कांची ग्वाही त्याच प्रस्तावनेंत आहे! त्यांचें म्हणणें असें, कीं हा आमचा अंतर्गत कारभार आहे. सनदेप्रमाणें संघाला त्यांत हात घालतां येत नाहीं. फार तर आंतरराष्ट्रीय न्यायालयाचें मत घ्यावें. हा मुद्दा पोकळ नव्हता, हें कबूल केलें पाहिजे. परंतु तो मान्य होता, तर कोणत्याहि सरकारला आपल्या प्रजेशीं वाटेल तसें वागण्याची मोकळीक मिळाली असती. बाईंनीं वाद कलमांच्या जंजाळांतून सोडविला व जगाच्या सदसद्विवेकबुद्धीला आवाहन केलें.

फ्रान्स व मेक्सिको यांनीं आणलेला ठराव तसा सौम्यच होता: हिंदी लोकांना करारांस व सनदेस अनुसरून वागवावें, आणि दोन्ही सरकारांनीं पुढील अधिवेशनांत हकीकत कळवावी. ब्रिटन व अमेरिका विरुद्ध गेलीं. अनुकूल ३२, प्रतिकूल १५, तटस्थ ७. दोनतृतीयांश बहुमत आवश्यक होतें. बत्तिसांपैकीं एक जरी राष्ट्र विरोधकांस मिळालें असतें, तरी ठराव पडला असता.

निकालानंतर बाई स्मट्सकडे गेल्या आणि बोलण्यांत कांहीं उणें-अधिक झालें असल्यास क्षमा मागितली. गांधीजींची शिकवणच तशी होती. या विजयाची किंमत पुढील निवडणुकींत दिसेल, अशा अर्थाचें उत्तर त्या वृद्ध सेनानीनें दिल्याचें बाई लिहितात. १९४८ सालीं स्मट्स पराभूत झाले आणि कडव्या वर्णभेदाचा पुरस्कार करणारा पक्ष सत्तेवर आला. या पराभवाचीं कारणें अनेक होतीं; केवळ त्या ठरावावर खापर फोडणें मला न्याय्य वाटत नाहीं.

पुढें मॉस्को, वॉशिंग्टन, लंडन अशीं मोठीं पदें त्यांच्याकडे आलीं. १९५३ सालीं त्या आमसभेच्या पहिल्या स्त्री-अध्यक्षा झाल्या; १९६२ ते १९६४ पर्यंत महाराष्ट्राच्या राज्यपालहि होत्या. दक्षिण आफ्रिकेचा प्रश्न मात्र आमसभेपुढें पुनःपुन्हां येतच राहिला. १ डिसेंबर १९९० रोजीं बाई वारल्या, तेव्हां नेल्सन मंडेला तुरुंगांतून सुटून दहा महिनेहि झाले नव्हते. सर्व वर्णांच्या लोकांनीं तेथें मतदान करावयास १९९४ साल उजाडावें लागलें.